जोडी घेऊ नका, टेम राहत नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टँकर आणि पार्किंगची भांडणं बारमाही चालतात. त्यांच्या मधेच दर दोन-चार महिन्यांनी कॉकाटिएल नावाच्या पाळीव पोपटाचा एक फोटो येतो. राखाडी नाहीतर पिवळट अंग, डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका. खाली लिहिलेलं असतं, ‘बी विंगमधून उडालंय, नाव चिकू, दिसलं तर कळवा.’ संध्याकाळपर्यंत ते कुणाला ना कुणाला दिसतंही. बहुतेक वेळा कावळ्यांच्या घोळक्यात.

तात्या आमच्याकडे असाच आला. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, चार कावळे मागे लावून, थेट आईच्या वाळवणावर. कुरडयांच्या प्लास्टिकवर चोच उघडी टाकून धापा टाकत बसला. ग्रुपवर फोटो टाकला, शेजारच्या सोसायट्यांमध्ये विचारलं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चिठ्ठी लावली. कुणी आलं नाही. ‘तात्या’ हे नाव आईने ठेवलं, तुरा बघून आणि पहाटेपासूनची कुरकुर ऐकून. मी पिंजरा आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने न मागता सल्ला दिला, “साहेब, एकच ठेवा. जोडी घेऊ नका, जोडी टेम राहत नाही.” टेम म्हणजे माणसाळलेली.

कॉकाटिएलच्या धंद्यातलं मर्म त्या एका वाक्यात आहे. तो माणूस काही वाईट नव्हता, अनुभवाचं बोलत होता. त्याच्या बोलण्याचा अर्थ मात्र मला घरी आल्यावर हळूहळू कळला. पक्ष्याला सोबत मिळाली की त्याला आपली गरज उरत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या गरजेचेच.

कॉकाटिएल पाळू नये, असं मी म्हणणार नाही. घरात दोन असताना ते शोभणारही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की स्वतःचं स्वतः खाऊ न शकणारं पिल्लू विकणं आणि एकटा पक्षी विकणं, या दोन गोष्टी बंद व्हायला हव्यात. नियमाने, दंडाने, आणि आधी लाजेने.

पिंजरा आपल्याला नवा नाही. ओसरीवर टांगलेला, मिरची कुरतडणारा, आल्यागेल्याला नावाने हाक मारणारा राघू ज्यांनी पाहिलाय अशी पिढी अजून हयात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, १९९०-९१ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली आणि राघू पाळणं गुन्हा ठरलं. (आजही तो चोरून विकला जातो आणि अधूनमधून धाडी पडतात, ती गोष्ट वेगळी.) राघू गेला, पण पिंजऱ्याची हौस राहिली. त्या रिकाम्या पिंजऱ्यात आधी ऑस्ट्रेलियाचे बजरीगर आले. त्यांना अख्खा महाराष्ट्र लव्हबर्ड म्हणतो आणि खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. मागोमाग कॉकाटिएल आले. बाजारात सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात, त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत “दादा, कॉकटेल कसं दिलं?” असं विचारणाऱ्या सोवळ्या काकूही भेटतात.

हा पक्षी कायद्याच्या जाळ्यातून कसा निसटतो तेही पाहण्यासारखं आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत पोपटांच्या झाडून साऱ्या जाती आहेत. वगळलेल्या फक्त चार: बजरीगर, कॉकाटिएल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि चौथा चक्क आपला राघू! राघूला निदान देशातला कायदा सांभाळतो. कॉकाटिएल परदेशी असल्याने तेही छत्र त्याला नाही. परदेशी जातींचे प्राणी पाळणाऱ्यांनी परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करावी, असे नियम केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत काढले, पण तेही साइट्सच्या यादीतल्या जातींपुरते. मकावसारखा मोठा परदेशी पोपट पाळणाऱ्याला कागदपत्रं करावी लागतात. कॉकाटिएल मात्र पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं पाडून बसमधून घरी नेता येतं. जंगलात त्याची संख्या उदंड आहे म्हणून ते यादीत नाही, आणि ते योग्यच आहे. पण जात धोक्यात नाही याचा अर्थ समोरचा पक्षी सुखात आहे असा होत नाही. आपल्याकडे या दोन प्रश्नांची कायम गल्लत होते.

मुळात हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या प्रदेशातला. काकाकुवाच्या कुळातला, पण त्या कुळात सगळ्यात लहान. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण फूटभर, त्यात निम्मी शेपटीच. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. कायमचं ठिकाण असं त्याला नसतं. गवताचं बी आणि पाणी मिळेल तिकडे थवे सरकत राहतात आणि पाऊस झाला की विणीला बसतात. ढोलीतल्या अंड्यांवर दिवसा नर बसतो, रात्री मादी. या संसाराच्या वाटणीचा मला फार हेवा वाटतो, पण ते असो.

त्या रानातून पकडून आणलेला पक्षी मात्र आज आपल्या पिंजऱ्यात नाही. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या सुमारास आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. डोंबिवलीत किंवा कोल्हापुरात विकलं जाणारं कॉकाटिएल हे पिंजऱ्यातच जन्मलेल्या कित्येक पिढ्यांचं वंशज असतं. रंगही पिंजऱ्यानेच घडवले. कबरे कॉकाटिएल १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात निघाले, लाल डोळ्यांचे पिवळे-पांढरे ल्युटिनो १९५८ मध्ये फ्लोरिडात. पुढे ल्युटिनोंच्या काही वाणांत तुऱ्यामागे टक्कल आलं. रंगासाठी नात्यातच जोड्या लावल्या, की असं काहीतरी पदरात पडतंच. तेव्हा हौशी लोक “हे जंगलातून आणलेलं नाही, याचा जन्मच पिंजऱ्यातला” म्हणतात, ते खरं आहे. पण त्यापुढचं वाक्य, “म्हणून याला काही वाटत नाही”, हे खोटं आहे. पिसांचा रंग बदलायला दहा-वीस पिढ्या पुरल्या. थव्याची ओढ मात्र जशीच्या तशी आहे.

ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एकटं कॉकाटिएल असलेल्या घरात जा. घरातलं माणूस बाथरूममध्ये जरी गेलं, तरी ते एक विशिष्ट शीळ घालतं. उत्तर आलं नाही की पुन्हा, मग आणखी मोठ्याने. थव्यातला पक्षी नजरेआड झाला की ‘कुठे आहेस?’ विचारायची ती हाक आहे. आपण तिची रील करतो, खाली बदामाचं चिन्ह टाकतो आणि लिहितो, ‘माझ्याशिवाय याला करमत नाही.’ करमत नाही हे अगदी बरोबर. मग सकाळी साडेआठला घराला कुलूप लागतं. नवरा-बायको लोकलमध्ये, मुलगा शाळेतून परस्पर क्लासला. दिवसाचे दहा तास तो पक्षी आरशात स्वतःला बघत असतो. दुकानदार पिंजऱ्याबरोबर आरसा देतो, तो याचसाठी.

माणसावर इतकं अवलंबून असलेलं पिल्लू तयार कसं होतं, ते आता बघू. यावर बोलायला हौशी लोकांनाही आवडत नाही.

अंड्यातून पिल्लू साधारण तीन आठवड्यांनी बाहेर येतं. डोळे मिटलेले, अंगावर तुरळक पिवळी लव. पाच आठवड्यांचं झालं की ढोलीबाहेर पडतं, पण त्यानंतरही काही आठवडे आई-बाप भरवत राहतात. आठ-दहा आठवड्यांनी ते स्वतः दाणे फोडायला लागतं. बाजारात त्याला ‘सेल्फ’ झालं म्हणतात. पण सेल्फ झालेल्या पिल्लाला माणसाची भीती वाटायला लागलेली असते, ते बोटावर बसत नाही आणि त्याला भाव येत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांचं असतानाच ते मटकीतून, म्हणजे घरट्यासाठी लावलेल्या मडक्यातून, काढतात, सिरिंजने पातळ भरड भरवतात आणि ‘हँडफीड बेबी’ म्हणून विकतात. पुष्कळदा भरवायचं कामही गिऱ्हाइकाच्याच गळ्यात. पाकीट, सिरिंज, “दिवसातून चार वेळा, कोमट करून” एवढी सूचना, झालं प्रशिक्षण. भरड जास्त गरम असली तर गळ्याखालची पिशवी भाजते, गार असली तर आत आंबते, घाईत श्वासनलिकेत गेली तर पिल्लू त्याच दिवशी संपतं. पहिल्याच आठवड्यात पिल्लू गेलेली तीन घरं मला ठाऊक आहेत. तिन्ही ठिकाणी ‘कमजोर निघालं’ असंच सांगितलं गेलं.

जगतात त्यांचं काय होतं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८८ मध्ये कॉकाटिएलवरच हे पाहिलं. हाताने वाढवलेल्या नरांना घरट्याच्या खोक्यात फारसा रस नव्हता. हाताने वाढवलेल्या माद्या पुष्कळदा अंडी खोक्याऐवजी पिंजऱ्याच्या तळाशीच घालत. आपण पक्षी आहोत, हे शिकायच्या वयात त्यांच्यासमोर पक्षीच नव्हते. त्याच विद्यापीठातलं दुसरं काम, १९९९ मधलं, मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. अमेझॉन पोपटांची पिल्लं आई-बापांकडेच ठेवली आणि माणसाने रोज थोडा वेळ ती हाताळली, तर तीही माणसाळली. म्हणजे बोटावर बसणारा पक्षी हवा असेल तर त्याला पोरकं करावंच लागतं, हा समज खरा नाही. फक्त त्यासाठी विकणाऱ्याला दोन महिने थांबावं लागतं, दाणे घालावे लागतात, रोज वेळ द्यावा लागतो. सिरिंजचा मार्ग प्रेमाचा म्हणून खपवला जातो. वास्तविक तो उरक्याचा मार्ग आहे.

एकट्या मादीची गत आणखी वेगळी. नर नसला तरी ती अंडी घालते. आरसा, आवडता माणूस, सोफ्याखालचा अंधार, एवढंही तिला पुरतं. बी विंगमधली चिकू, म्हणजे ग्रुपवरची तीच, सापडल्यावर मादी निघाली आणि तिने एका मोसमात नऊ अंडी घातली. घरच्यांनी पहिल्या अंड्याचे पेढे वाटले. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या तिच्या अंगात कॅल्शियम कितीसं असणार? शेवटचं अंडं अडकलं. पक्षी तपासणारा डॉक्टर शोधण्यातच अर्धा दिवस गेला. समुद्रफेसाचा पाच-दहा रुपयांचा तुकडा पिंजऱ्यात लावायचा असतो, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. चिकू वाचली, हे नशीब.

आता विरोधातलं म्हणणं. ते दोन बाजूंनी येतं आणि दोन्ही बाजू मला अर्ध्याच पटतात.

पहिली बाजू म्हणते, पिंजराच नको. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांचा आकाशात उडण्याचा हक्क मान्य केला. तो वाचताना मन भरून येतं. राघूच्या बाबतीत मी या बाजूचा आहे. त्याला सावरून रानात सोडता येतं, तिथे त्याचे भाऊबंद आहेत. कॉकाटिएलसाठी मात्र इथलं आकाश म्हणजे कावळे, घारी, संक्रांतीचा मांजा आणि वर ऐन पावसाळा. ‘पुण्य लागेल’ म्हणून कुणी एकादशीला कॉकाटिएल सोडलं असेल, तर ते द्वादशी पाहतच नाही. शिवाय सरसकट बंदीचा अनुभव राघूने दिलेला आहेच. मागणी राहते, विक्री गोणपाटाखाली जाते आणि पक्ष्याचे हाल वाढतात. जी हजारो कॉकाटिएल आज घराघरांत आहेत, ती तर कुठेच जाणार नाहीत. पंधरा-वीस वर्षं जगणारा जीव आहे तो. पाचवीतल्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेलं पिल्लू त्याच्या लग्नाच्या वेळीही घरात असू शकतं. तेव्हा त्याच्या राहण्याचा विचार करावा लागेल, नुसता त्याच्या असण्याचा निषेध करून भागणार नाही.

दुसरी बाजू हौशी पाळणाऱ्यांची आणि घरगुती पैदास करणाऱ्यांची. घराच्या गच्चीवर आठ-दहा जोड्या ठेवून महिन्याला चार पैसे मिळवणारी कुटुंबं आहेत, त्यांत बायका बऱ्याच आहेत. “आम्ही काय कत्तलखाना चालवतो का?” असं त्या चिडून विचारतात, आणि त्यांचा राग मला समजतो. पण माझ्या दोन्ही मागण्यांनी त्यांचा व्यवसाय बुडत नाही. पिल्लू दोन महिने उशिरा विकलं जाईल, थोडं महाग होईल आणि सुटं न जाता जोडीने जाईल. महाग झाल्यामुळे जे गिऱ्हाईक गळेल ते गळावंच. मॉलमधून परतताना मूल रडलं म्हणून घेतलेला पक्षी पुढच्या उन्हाळ्यात ‘कुणाला हवंय का, फुकट देणे आहे’ या यादीत दिसतो.

“एकटीला सोबत होते हो,” असं सांगणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या ओळखीच्या आहेत. दिवसभर त्या घरी असतात, पक्षी त्यांच्या चष्म्याच्या काडीशी खेळत असतो. या उदाहरणापुढे मी थोडा गप्प होतो. त्यांच्या पक्ष्याला माणूस तरी सतत आहे. पण नियम अपवादाकडे बघून करायचा नसतो, आणि त्यांच्याही घरात दुसऱ्या पक्ष्याने काही बिघडणार नाही.

असा नियम कुठे असतो का, हा प्रश्न येतोच. असतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून पोपटवर्गीय पक्षी एकटा ठेवता येत नाही, सोबत द्यावीच लागते. आपल्याकडची स्थिती बघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, धड हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव आणि एक कटिंग. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. पण अर्धीअधिक विक्री आता दुकानात होतच नाही. ती इन्स्टाग्रामवर आणि फोनवर होते, ‘पार्सल अव्हेलेबल’ असं लिहून, आणि पार्सल म्हणजे रात्रभराच्या बसच्या डिकीतलं खोकं. तिथे कोण निरीक्षक जाणार? म्हणून परिवेशवर मकावची जशी नोंद होते, तशी कॉकाटिएलची पैदास करणाऱ्याचीही व्हावी. प्रत्येक पक्ष्याची नोंद नको, त्याने नुसती कागदं वाढतील. पैदास करणाऱ्याची पुरे. पिल्लाच्या पायात जन्मतारखेची कडी घातली, तर विकताना ते किती दिवसांचं होतं हे कुणालाही मोजता येईल. कबुतरबाज आपल्या कबुतरांना कडी घालतातच, त्यात अवघड काही नाही. आणि पन्नास रुपयांच्या दंडाला एक-दोन शून्यं जोडायला हवीत, हे तर संसदेत कुणी झोपेत म्हटलं तरी मंजूर व्हायला हरकत नसावी.

बाकी घरात काय काळजी घ्यायची, हे वेगळं लिहिण्याचा विषय आहे. फक्त तीन गोष्टी सांगून टाकतो, कारण त्या आपल्याच घरांत घडतात. पिंजरा उघडण्याआधी पंखा बंद करा, आपल्याकडे कॉकाटिएलचा खरा वैरी छताला लटकलेला असतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवला तर त्याच्या वाफेने पलीकडच्या खोलीतलाही पक्षी मरू शकतो. आणि दिवाळीच्या रात्री पिंजऱ्याजवळ मंद दिवा ठेवा. अंधारात दचकलं की हे पक्षी आंधळे होऊन गजांवर आपटतात, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी रक्ताने माखलेली पिसं सापडतात.

तात्याचं सांगायचं राहिलं. दुकानदाराचं ऐकून पहिलं वर्ष तो एकटाच होता. आईच्या खांद्यावर बसून स्वयंपाक बघायचा, कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करायचा. त्यामुळे आमची डाळ दोनदा कच्ची राहिली. आई गावाला गेली की छातीवरची पिसं उपटायचा. तो चाळा पाहिल्यावर मात्र राहवेना. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाची मादी आम्ही घरी आणली, तिचं नाव माई. मोठा पिंजरा आणला, मटकी लावली नाही.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. दोन महिन्यांत तात्याने आम्हाला ओळख दाखवणं कमी केलं. शीळ घालतो ती माईला, मान खाजवून घेतो ती माईकडून, छातीवर पिसं पुन्हा आली. खांद्यावर येतो तो फक्त कोथिंबीर निवडायला बसलं की. आई म्हणते, “सून आली की असंच होतं.” एवढं म्हणून माझ्याकडे एकदा बघते आणि कोवळी काडी त्याच्यापुढे धरते.